पिसं झडायच्या दिवसांत

सासऱ्यांना ऐकू कमी येतं, हे फक्त सुनेला ठाऊक होतं, आणि तिने त्याची कुठे वाच्यता केली नव्हती. हयातभर रेडिओ दुरुस्त केलेला माणूस. नुसत्या खरखरीवरून बिघाड सांगायचा. आता समोरच्याच्या ओठांकडे बघत मान डोलवायचा आणि वर जगालाच दोष द्यायचा, लोक हल्ली तोंडातल्या तोंडात बोलतात म्हणून. पण "काय म्हणालात?" असं त्यांनी कधी कुणाला विचारलं नाही.

परसात त्यांची जुन्या जातीची तीन बदकं होती. अशी आता कुणी पाळत नाही. अंडी बेताची, खाणं भरपूर. दोन माद्या, एक नर. हा नर गेला की आपल्याकडची जात संपली, हे ते येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत. सुनेला त्याचं कौतुक नव्हतं. परस धुता धुता तिच्या नाकी नऊ यायचे, आणि चारचौघांत ती बदकांना "बाबांची घाण" म्हणायची.

त्यामुळे कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्याने एक मादी मागितली तेव्हा तिला बरंच वाटलं. तो पावाचा रिकामा क्रेट घेऊन आला, ते नेमके पिसं झडायचे दिवस. तेव्हा नराचा हिरवा माथा जातो, शेपटीवरचं वळलेलं पीसही गळतं, आणि तिन्ही बदकं सारखीच मातकट दिसतात. ओळख उरते ती आवाजाची. मादी खणखणीत ओरडते, नर नुसता घोगरा फसफसतो.

सासऱ्यांनी एक बदक उचललं, कानाशी धरलं, पंखाखाली हलकेच दाबलं.

"मादी," ते म्हणाले आणि त्यांनी ते क्रेटमध्ये ठेवलं.

दोरीवरचे कपडे काढणाऱ्या सुनेने ऐकला तो घोगरा फसफसाट होता. गप्प बसलं की काम झालं. काही वर्षांत परस मोकळं. बोललं तर म्हाताऱ्याचं बिंग फुटणार, आणि उद्या पावाबरोबर बातमी घरोघर जाणार. मनात आलं, जाऊ दे. पण पाय आधीच निघाले होते.

"बाबा, ते नको," त्यांच्या अगदी समोर उभी राहून ती म्हणाली. "ते माझं आवडतं आहे."

बेकरीवाला हसला. "वहिनी, तुम्हाला कधीपासून बदकं आवडायला लागली?"

"आजपासून."

सासऱ्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग क्रेटकडे. त्यांचा चेहरा उतरला. तिला त्यांची दया आली, आणि दया आली याचा रागही आला. त्यांनी क्रेटमधलं बदक काढून खाली सोडलं.

मग दुसरं पकडलं. ते मात्र स्वतःच्या कानाशी नेलं नाही. सुनेसमोर धरलं, दाबलं आणि तिच्या तोंडाकडे बघत थांबले. बदकाने परस डोक्यावर घेतलं. सुनेने होकारार्थी मान हलवली.

"काका, ही फार ओरडते हो," बेकरीवाला क्रेट उचलत म्हणाला.

सासरे सुनेकडे वळले. "काय म्हणतोय तो?"

बेकरीवाला दोघांकडे बघत राहिला. सुनेने घडी घातलेला कपडा खांद्यावर टाकला आणि एकेक शब्द सुटा करत सांगितलं, "फार ओरडते म्हणतोय."

"मग बरोबर आहे," सासरे म्हणाले. "घेऊन जा म्हणावं."