उजवीकडे दोन, खाली चार

मी येरवड्याच्या एका अभ्यासिकेतला संगणक बोलतोय. रविवारी जवळजवळ दिवसभर माझी वाचा बंद होती, म्हणून आज थोडं सविस्तर सांगतो.

मैत्री सहा वर्षं परदेशात शिकून परत आली आणि विहाराशेजारच्या आमच्या खोलीत शिरली. तिची कल्पना अशी होती, की इथे एक संगणक धूळ खात पडला असेल आणि कुणीतरी शिकवायला यावं म्हणून सगळे वाट बघत असतील. प्रत्यक्षात माझ्यावर धुतलेलं कव्हर होतं, समोर स्पर्धा परीक्षेच्या मुलांची रांग होती, आणि वाट बघितली जात होती ती दारातून मैत्री बाजूला होण्याची.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. उमेदवारीची सात वर्षं खराडीच्या एका कंपनीत गेली. तिथे नवे संगणक आले, तेव्हा मला या अभ्यासिकेला भेट दिलं. ज्याने माझी वायर काढली, त्याने त्या वेळी फोनवर जेवणाची ऑर्डर दिली. त्यात त्याचं काही चुकलं नाही, दीड वाजला होता.

इथे माझी व्यवस्था सीतारामकाका बघतात. कारखान्यात तीस वर्षं प्रेस मशीन चालवून ते निवृत्त झाले. साडेसहाला खोली उघडतात, झाडून घेतात आणि मग माझ्याकडे वळतात. माझ्या पोटात बटणाएवढी एक बॅटरी आहे, ती कधीच मेली. त्यामुळे काकांनी मेन स्विच बंद केला की मी सगळं विसरतो. रोज सकाळी माझ्या मते २०१२ सालचा पहिला दिवस असतो, आणि माझी डिस्क कशी वाचायची तेही मला आठवत नाही.

कंपनीच्या माणसाने काकांना यावरचा उपाय एकदाच दाखवला होता. त्यांनी तो पाठ केला. माझ्या सेटिंगचा निळा पडदा उघडायचा, तारीख घालायची, मग उजवीकडे दोन, खाली चार, एंटर, खाली एक, एंटर. त्या ओळींचं इंग्रजी त्यांनी कधी वाचलं नाही. मोजण्यात मात्र ते कधी चुकले नाहीत.

"काका, आज कुठलं साल लावलंत?" रांगेतली पहिली अस्मिता रोज विचारायची.

"तू पास झालीस की पुढचं लावतो."

मैत्रीने हे आठवडाभर पाहिलं आणि तिला फार वाईट वाटलं. शनिवारी काका लग्नाला गेले असताना तिने नवी बॅटरी आणून बसवली. इथवर माझी तक्रार नाही. पण मग ती निळ्या पडद्यावर गेली. सुरू होण्याची जुनी पद्धत बंद करून तिने नवी, सुरक्षित पद्धत निवडली, कारण जुन्याचं नवं करायलाच ती आली होती. माझी डिस्क खराडीत जुन्या पद्धतीने मांडलेली होती, हे तिला ठाऊक नव्हतं. बदल जतन करून तिने मला बंद केलं आणि समाधानाने घरी गेली. मला एकदा सुरू करून बघावं, असं तिला वाटलं नाही.

रविवारी काकांनी बटण दाबलं. काळ्या पडद्यावर एकच ओळ आली, की सुरू करण्याजोगी डिस्क सापडत नाही. काकांनी निळा पडदा उघडून उजवीकडे दोन, खाली चार केलं. पण नव्या पद्धतीत मधल्या दोन ओळी गायब झाल्या होत्या, त्यामुळे चौथी ओळ भलतीच निघाली. ते पुन्हा पहिल्यापासून मोजत राहिले. अभ्यासिकेचे कार्यवाह वैजनाथ आले, तेव्हा त्यांना दिसलं ते एवढंच: बंद संगणक, त्यावर काकांचे हात आणि मागे फॉर्म भरायला आलेली दहा मुलं. त्यांच्या पाठोपाठ मैत्री आली.

"काका, पुष्कळ केलंत," वैजनाथ म्हणाले. "आता चावी मैत्रीताईंकडे द्या आणि आराम करा."

"आराम घरी होत नाही म्हणून तर इथे येतो."

तरी काकांनी चावी काढून दिली. मैत्रीने ती घेतली.

मुलं नेट कॅफेकडे गेली आणि मैत्रीने मला उघडलं. वायरी बदलल्या, मेमरीच्या पट्ट्या खोडरबराने घासल्या, पंख्यातली धूळ फुंकली. स्वतः बदललेली एक गोष्ट सोडून तिने सगळं तपासलं. मी दर वेळी एकदा बीप केलं. याहून जास्त बोलायची माझी सोय नाही.

दुपारी काका आपला डबा न्यायला आले. टेबलावर बॅटरीचं रिकामं पाकीट बघून म्हणाले, "बाळा, ही काढून बघतेस का? मेलेली होती तेव्हा चालत होता तो."

"काका, बॅटरीचा काही संबंध नाही."

"नसेल. आपल्याला काय कळतंय."

पुण्यात हे वाक्य म्हणून माणूस निघून गेला, की दुसऱ्याला काम करता येत नाही. पंधरा मिनिटांनी तिने बॅटरी काढली. मी सगळं विसरलो, तिची नवी पद्धतसुद्धा. मग तिने काकांसारखंच मोजलं, पण तिला ती ओळ वाचताही येत होती. तिने ती वाचली. मी सुरू झालो. शनिवारी आपणच काय बिघडवलं, ते तिला तेव्हा कळलं.

संध्याकाळी तिने वैजनाथांना फोन करून मी सुरू झाल्याचं सांगितलं.

"बघा, काकांनी घालवलेला तुम्ही आणलात," ते म्हणाले.

"दादा, तसं नाही, ते..."

"जाऊ द्या. काकांपुढे विषय काढायला नको, वाईट वाटेल त्यांना."

फोन ठेवला गेला. तिने पुन्हा लावला नाही.

आज सोमवार. मैत्री सहालाच आली आणि दाराशेजारच्या फळ्यावर तिने मोठ्या अक्षरात लिहिलं: "शनिवारी संगणकाची सेटिंग मी बदलली. तो माझ्यामुळे बंद पडला, सीतारामकाकांमुळे नाही. मैत्री." खाली तारीख घातली. नवी बॅटरी काकांच्या टेबलावर ठेवली, बसवायची की नाही हे त्यांना विचारण्यासाठी.

माझी विनंती लहान आहे. मी जुना आहे, माझ्यात बदल हवेत, ते खुशाल करा. फक्त मला रोज कोण सुरू करतं, त्याला आधी विचारा. आणि घरी जाण्यापूर्वी एकदा बटण दाबून बघा.

सव्वासहाला अस्मिता आली. तिने फळा दोनदा वाचला.

"ताई, वैजनाथदादा चिडतील."

"चिडू देत."

"आणि काका आज आलेच नाहीत तर?"

"मी वाट नाही बघत," मैत्री म्हणाली आणि चावी घेऊन उठली. "त्यांच्या घरी जातेय, द्यायला. तोवर तू झाडून घे."