कोपऱ्यातून पडलेला टॉवेल

आधीच सांगतो, माझं डोकं फिरलंय. छत्तिसाव्या वर्षी अकरा सामने हरलेला बॉक्सर मी. गल्लीतलं कुत्रंही मला ओळखत नाही. पण त्या दुपारी बाराव्या सामन्यात मी जिंकत होतो हो! समोरच्याचा डोळा सुजून बंद झालेला, पाय लटपटत होते. दोन मिनिटं उरली होती. माझ्या कोपऱ्यात पाणी द्यायला, रक्त पुसायला थोरला भाऊ होता. दादा.

जिंकणाऱ्याचा फोटो दुसऱ्या दिवशी पेपरात येणार होता. मला तेवढंच हवं होतं. माझं नाव पेपरात एकदाच आलं होतं, गोदाम फोडलं म्हणून. आता आईने ते चांगल्या कारणासाठी वाचावं, एवढीच हौस. ती दादाकडे असते. दर रविवारी फोनवर विचारते, जेवलास का रे?

गोदाम खरं तर दादाने फोडलं होतं. त्याची पोर तेव्हा चार वर्षांची. मी सडाफटिंग. म्हटलं, मीच फोडलं. चार वर्षं तुरुंगात सतरंज्या विणल्या, कुणाला चकार शब्द सांगितला नाही.

शेवटचा ठोसा मारायला हात मागे घेतला आणि पायाशी टॉवेल पडला. आमचाच, ओला. कोपऱ्यातून टॉवेल पडला की हार कबूल. पंचांनी समोरच्याचा हात वर केला. आपण जिंकलो कसे, हे त्या बिचाऱ्यालाही कळेना.

कपडे बदलायच्या खोलीत मी दादाची कॉलर धरली. "का टाकलास? मी काय मरत होतो?"

"पोरीचं लग्न ठरलंय," तो म्हणाला. "घराणं मोठं आहे. पेपरात नावासकट तुझा फोटो त्यांनी पाहिला असता तर..."

"तर काय? काकाने जिंकू नये?"

"त्यांना सांगितलंय, काका वारला. काविळीने."

मला हसूच फुटलं. "वा रे वा! बॉक्सर माणूस, निदान ठोशाने तरी मारायचंस!" ज्याच्यासाठी तुरुंगात गेलो, त्यानेच मला जिवंतपणी पुरलं. "थांब, आईला सांगतो. ती तुझ्या घरात एक दिवस राहणार नाही."

दादा खाली बघून माझ्या हाताच्या पट्ट्या सोडवत राहिला.

"काविळीचं आईनेच सांगितलं त्यांना," तो म्हणाला. "रडलीसुद्धा."