सौनातला सगळ्यात वरचा बाक

मित्रांनो, मी एक जुना बाक आहे. फिनलंडातल्या ताउनो हुर्मेच्या सौनातला, म्हणजे घाम गाळायच्या लाकडी वाफघरातला, सगळ्यात वरचा. आणि मी रागावलेला आहे, आधीच सांगतो.

ताउनोच्या बापाने तळ्याकाठी रंधा मारून मला बनवलं. तापलं तरी चटका देत नाही, अशा लाकडाचा मी. तेव्हा आमच्याकडे बायका सौनातच बाळंत व्हायच्या. ताउनो माझ्यावरच जन्मला. म्हणजे माझाच की तो!

पुढे तो पैलवान झाला. फिनलंडचा विजेता, तीनदा! लोक म्हणायचे, वस्ताद कालेर्वोने घडवला. घडवला? कसा ते ऐका.

प्रत्येक कुस्तीआधी वजन उतरवायला ताउनो माझ्यावर बसायचा. वाफ वर चढते. वर जीव कासावीस होतो, खाली बरं असतं. वस्ताद कुठे बसायचा? खाली! तिथून तापल्या दगडांवर ओगराळ्याने पाणी मारायचा.

"अजून टाकू का रे, की रडतोस?"

"टाका."

आमच्याकडे सौनातून आधी उठलं की नाक कापलं गेलं. 'पुरे' हा शब्द कुणी तोंडातून काढतच नाही. मूर्ख लेकाचे!

त्याची बायको इम्पी दारावर थापा मारायची. "ताउनो, बाहेर ये!"

"तू जा, मासे तळ!" वस्ताद आतून ओरडायचा.

चौथ्या वर्षी वजन दीड किलो जास्त भरलं. ताउनो सकाळपासून वर होता. दुपारी माझ्यावरून ओंडक्यासारखा खाली पडला. मूत्रपिंडं गेली, कुस्ती गेली. पेपरात काय छापलं? 'दुखापत'. बस्स.

गेल्या महिन्यात म्हातारा वस्ताद आला. मला तालमीच्या भिंतीवर टांगायचं म्हणे, पितळी पाटी लावून.

"न्या की," इम्पी म्हणाली. "पण वस्ताद, आधी एकदा वर बसा."

तो पंचा गुंडाळून ऐटीत बसला. इम्पीने खालून पाणी मारलं. एक. दोन. तिसऱ्याला तो उठलाच.

"पुरे, बाई, पुरे!"

"अरेच्चा! येतो की तुम्हाला हा शब्द. मग त्याला का नाही शिकवलात?"

दारात काठी टेकून ताउनो उभा होता. वस्तादाने कपडे उचलले आणि गेला. मला न घेता.

मित्रांनो, मला पाटी नको. वर बसलेल्याला 'पुरे का?' एवढं विचारत जा. आणि खाली बसून नाही. वर चढून, त्याच्या शेजारी बसून विचारा.