ओल्या फडक्याखालचा ठिपका

पेरणीआधी शेतातली मागच्या पिकाची वाळलेली बुडखं, म्हणजे धसकटं, वेचावी लागतात. ते काम भर मे महिन्यात येतं. गेल्या वर्षी देवळीजवळच्या शेतात हेच काम करताना मंदाबाईंना ऊन लागलं आणि त्या तासातच, म्हणजे शेतातल्या ओळीतच, कोसळल्या. तरी यंदा त्या पुन्हा निघाल्या होत्या.

त्यांची मुलगी अपेक्षा नागपूरला इंजिनिअरिंग शिकत होती. आधी तिने आईला एक घड्याळ आणून दिलं होतं. ते चार्ज करायचं राहून जाई, आणि उन्हात त्याचा मनगटाला चटका बसे. मंदाबाईंनी ते डाळीच्या डब्यात टाकलं. मग अपेक्षाने बॅटरीशिवाय चालणारी एक मऊ पट्टी बनवली. तिची एक बाजू कातडीला, दुसरी हवेला. आत गरम आणि बाहेर थंड असलं की तेवढ्या फरकावर थोडी वीज तयार होई आणि कडेचा ठिपका हिरवा लुकलुके. अंग फार तापलं की तो लाल होणार होता.

पहिल्याच दिवशी शेतात, आईच्या मनगटावर, दहा वाजायच्या आत ठिपका विझला.

"काय व अपेक्षा, तुहा दिवा झोपला का?" शेजारच्या तासात धसकटं वेचणाऱ्या कमलाबाई म्हणाल्या.

"घरी तर चालत होता, काकू."

"घरी मी पण चांगली चालतो," कमलाबाई म्हणाल्या. "इथं उन्हात चालून दाखव म्हना त्याले."

अपेक्षा घरी येऊन कूलरसमोर बसली. पट्टी आपल्या मनगटावर लावली तर ठिपका लगेच लुकलुकला. तेव्हा तिला कळलं. मे महिन्यात आपल्याकडे कोण कूलर सोडून बसतं? सगळी तपासणी तिने इथेच बसून केली होती. शेतात हवा कातडीइतकीच तापते. दोन हौदांतलं पाणी सारख्या उंचीवर असलं तर मधल्या नळातून थेंबही वाहत नाही, तसंच हे.

तिने उठून कूलरच्या गवताच्या ताटीवर हात ठेवला. ताटी ओली आणि गार होती. बाहेरून येणारी कोरडी झळ तिच्यातूनच थंड होऊन आत येत होती.

तिने कूलर बंद केला, आईच्या जुन्या सुती लुगड्याचं फडकं फाडलं, भिजवलं आणि मनगटावरच्या पट्टीवर बांधलं. मग अंगणात उन्हात जाऊन उभी राहिली. ठिपका कूलरसमोर होता त्याहून लख्ख झाला.

थोड्या वेळाने फडकं वाळलं आणि ठिपका विझला. अपेक्षा त्याच्याकडे बघत राहिली. वीजच नसेल तर लाल दिवा लागणार कसा? आई पडली तरी पट्टी गप्प राहिली असती.

तिने लाल दिवा काढूनच टाकला.

सकाळी तिने आईच्या मनगटावर पट्टी लावून वर ओलं फडकं बांधलं. "हिरवं दिसतं तोवर काम कर. विझलं की फडकं भिजव. भिजवूनही लागलं नाही, तर ओलं फडकंही गार होत नाही, म्हणजे घामानेही अंग निवणार नाही समज. लगेच सावलीत."

"अन् तास अर्धा राह्यला असन त?"

"तरी."

"तू मायी सासू होऊन राह्यली व," मंदाबाई म्हणाल्या.

ऊन चढलं. ठिपका विझला तसं मंदाबाईंनी कळशीतल्या पाण्यात मनगट बुडवलं, आणि तो लागला. असं दोनदा झालं. तिसऱ्यांदा फडकं निथळत होतं, पण ठिपका लागला नाही. मंदाबाईंनी तासाच्या टोकाकडे पाहिलं. थोडंच राहिलं होतं. अपेक्षा धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभी होती.

"जाय ना बाई," कमलाबाई म्हणाल्या. "तुही धसकटं कोनी चोरत नाई."

मंदाबाईंनी टोपलं खाली ठेवलं आणि त्या कडुलिंबाखाली जाऊन बसल्या. पाणी प्यायल्या, डोक्यावरून ओतून घेतलं. बऱ्याच वेळाने फडक्याच्या कडेला हिरवं लुकलुकलं.

"लागला," त्या म्हणाल्या.

अपेक्षाने त्यांचा हात हातात घेऊन पाहिलं. घामाने पट्टीची एक कड सुटत आली होती. ती तिने अंगठ्याने दाबून धरली.

"हे नीट करावं लागेल," ती म्हणाली.

"करजो," मंदाबाई म्हणाल्या. "अन् दुसरी बी बनवजो. कमला इचारत नाई, पन सकाळपासून मायं मनगटच पाहून राह्यली."