बत्तीस ते चाळीस

मोठ्या बाईंचा, म्हणजे शाळेच्या मुख्याध्यापिकेचा, फोन आला तेव्हा मी कपडे वाळत घालत होते.

"तुमच्या भिंती रुसल्यात," त्या म्हणाल्या. "तीन दिवस झाले, हलायचं नाव नाही."

"कोणत्या नंबरच्या?"

"थांबा हं, चष्मा लावते." मग त्या कण्हत वाकल्याचा आवाज. "तेहतीस. चौतीस. आणि ही अडतीस."

मी टॉवेल झटकून दोरीवर टाकला, त्याची टोकं जुळवली. भिंती का अडकल्या ते मला कळलं होतं.

ही शाळा तीन ते सहा वर्षांच्या मुलांची. इमारत सगळी लाकडाची, आणि आतल्या भिंती म्हणजे वरच्या रुळाला टांगलेली चाळीस पॅनेलं. सकाळी ती कडेला सारली की एक मोठं दालन. दुपारी ओढली की चार खोल्या, त्यातल्या एकीत धाकटी मुलं झोपतात. पुढच्या वर्षी मुलं वाढली तर खोल्यांची मापं बदलायची, इमारत नाही. कडेवर मूल असतानाही बाईंना एका हाताने भिंत सरकवता आली पाहिजे, ही माझी अट होती. नकाशे काढताना वर्कशॉपमध्ये पुठ्ठ्याच्या भिंती उभ्या करून आम्ही सगळे गुडघ्यांवर चाललो होतो, मुलांना कुठून काय दिसेल ते बघायला. पॅनेलं जोडणारे मिस्त्री तेवढे उभे राहिले. "माझे गुडघे सरकारजमा झालेत," ते म्हणाले. "तुम्ही रांगा मॅडम, मी टाळ्या वाजवतो."

लाकूड ओलं असलं तर बसवल्यावर वाळतं, वाळताना आक्रसतं आणि वाकतं. म्हणून फळ्यांचे चाळीस गठ्ठे आले, एका गठ्ठ्याचं एक पॅनेल, तेव्हा प्रत्येकाची ओल मी यंत्राने मोजायला घेतली. दोन सुया लाकडात टोचायच्या, आकडा वाचायचा, वहीत लिहायचा. बाराच्या वर गेला तर गठ्ठा परत. ताई म्हणायची, तू एक दिवस माणसांनाही ते यंत्र टोचून बघशील.

एकतीस गठ्ठे झाले होते तेव्हा भावजींचा फोन आला. ताई गेली, सकाळी चहा घेताना. मी "बरं" म्हटलं. मग वहीत बत्तीसपासून चाळीसपर्यंत नऊ वेळा बारा लिहिलं, अक्षर न बिघडवता. पेनाला टोपण लावलं आणि निघाले.

त्याला पाच महिने झाले. कोणी विचारलं तर मी ठीक आहे असं सांगते, आणि ते खरं आहे. जेवते, झोपते. भावजींनी ताईचं कपाट आवरायला सांगितलं, तेही एका दुपारी आवरून झालं. फक्त साड्या उचलताना त्यांचं वजन हाताला लागलं नाही. कशाचंच लागत नाही.

मिस्त्रींना घेऊन शाळेत पोचले तेव्हा धाकट्यांची झोपायची वेळ होती. त्यांच्या खोलीची भिंत हातभर उघडीच अडकली होती आणि पलीकडे मोठी मुलं डबे बडवत होती.

"आम्ही झोपलोय," उशीवरून एक मुलगी टक्क उघड्या डोळ्यांनी मला म्हणाली.

मिस्त्रींनी तेहतीस नंबरच्या कडेला दोरी ताणून धरली. मधोमध बोटभर फरक होता. "पोट सुटलंय," ते म्हणाले. "माझ्यासारखं."

मोठ्या बाई हसल्या नाहीत. "उद्या शाळा बांधणाऱ्या समितीची माणसं येतायत. त्यांनी तुमची वही बघितली आहे. लाकूड बारा टक्क्यांचं, म्हणजे चांगलं वाळलेलं. तेही वाकतं म्हटल्यावर सरकत्या भिंतींचा नाद सोडा म्हणतात. इथली सगळी पॅनेलं स्क्रू मारून पक्की करायची आणि पुढच्या दोन शाळांत सरळ विटांच्या भिंती. मी कोणत्या तोंडाने नाही म्हणू? माझी मुलं झोपत नाहीत हो."

"रुळाचा दोष असणार," मिस्त्री घाईने म्हणाले. "रूळ बदलून टाकू. काय मॅडम?"

ते माझ्याकडे बघत नव्हते. रूळ त्यांनीच बसवला होता आणि त्यात काही दोष नाही हे त्यांना माझ्याइतकंच माहीत होतं.

"रुळाचा नाही," मी म्हटलं. "बत्तीस ते चाळीस मी मोजलेच नाहीत. बारा हा आकडा मनाने लिहिला. लाकूड ओलं असणार."

"मनाने?" मोठ्या बाईंनी चष्मा काढला. "का?"

उत्तर माझ्याकडे होतं, आणि ते दिलं असतं तर त्या तिथल्या तिथे मवाळ झाल्या असत्या. पण ते आकडे ताईने लिहिले नव्हते.

"काम संपवायचं होतं," मी म्हटलं.

"यात मीही आहे," मिस्त्री म्हणाले. "ते गठ्ठे उचलताना मला जड लागले होते."

"मिस्त्री, राहू द्या."

"राहू द्या काय? त्या दिवशी यांची बहीण गेली, बाई. अशा माणसाला कसं म्हणायचं, या आणि गठ्ठे पुन्हा मोजा? म्हटलं, आठवड्याने सांगू. आठवड्याने पॅनेलं जोडायला घेतली. मग राहूनच गेलं."

मोठ्या बाईंनी चष्मा पुन्हा लावला. "म्हणजे भिंती वाचतील?"

"नऊ उतरवायच्या, नीट वाळू द्यायच्या, आकडा स्थिर झाला की रंधा मारून सरळ करायच्या. बाकीच्या एकतीस बसवल्यापासून सुरळीत सरकतायत. स्क्रू मारायचं कारण नाही."

"हे असंच्या असं समितीला लिहून द्याल?"

"आजच."

"मग पुढच्या शाळा तुमच्याकडे राहायच्या नाहीत."

"माहीत आहे."

"तुम्हाला काहीच वाटत नाही का हो?"

मी प्रामाणिकपणे शोधून बघितलं. "अजून नाही," मी म्हटलं.

तेहतीस नंबर आम्ही दोघांनी उतरवलं. पॅनेल अठ्ठावीस किलोचं, म्हणजे माझ्या वाट्याला चौदा. मिस्त्री "सावकाश, बोटं सांभाळा" म्हणत होते. ती मुलगी उठून बसली होती.

"भिंत कुठे चालली?"

"वाळायला," मी म्हटलं.

"कपड्यांसारखी?"

"हो."

"मग परत येणार?"

"येणार येणार," मिस्त्री म्हणाले. "तू झोपलीस तर लवकर येईल."

मोठ्या बाईंनी उघड्या जागेत चादर लावली आणि पलीकडे जाऊन डबे काढून घेतले. मी वही उघडली, जुन्या बारावर एक रेघ मारली, सुया टोचल्या. पंधरा. पंधरा लिहिलं, शेजारी तारीख घातली आणि चौतीस नंबरकडे वळले.