कमलनं हात जोडले

कमलची जीभ अडते हे साऱ्या वस्तीला ठाऊक. दुकानात साखर मागायला गेली की "सा" वरच गाडी फसायची, आणि दुकानदार बिचारा साबण, साबुदाणा, सारं पुढ्यात मांडून मोकळा व्हायचा. पण हीच कमल दर पौर्णिमेला विहारात पुढं बसून हात जोडायची, त्रिशरण म्हणायची, आणि एक अक्षर अडायचं नाही. ती पुढं म्हणायची, बाया मागून म्हणायच्या. याचं कोणाला नवल नव्हतं. वंदना ती वंदना, बोलणं ते बोलणं.

पंच्याऐंशी साली तिची प्रतिभा आठवी पास झाली. पुढची शाळा सौंसरला. मध्य प्रदेशची सरकारी बस वस्तीच्या फाट्यावरून धूळ उडवत जायची, थांबायची मात्र नाही. कमलच्या नवऱ्यानं, वामननं, बसच्या साहेबाकडे जाऊन विनवण्या केल्या. साहेबानं ऐकवलं, "एक लड़की के लिए बस नहीं रुकती." बाकीच्या पोरींची शाळा आठवीलाच संपवलेली. शेजारची केसरबाई तर नातीबद्दल उघड म्हणायची, "नलिनी शिकून काय कलेक्टर होऊन राहिली? संत्र्याच्या बगीच्यात कामाले जाईन ते."

अशात ते बसवाले साहेब लोधीखेड्याला तक्रारी ऐकायला येणार असं कळलं.

"तूच बोलजो," वामन म्हणाला.

"म-म-मी?"

"मंग कोण? माह्यं ऐकलं नाई त्यानं. मायचं ऐकीन."

त्यानं शाळेतल्या गुरुजींकडून झकास हिंदी भाषण लिहून आणलं. कमल ते चुलीपुढं पाठ करायची. "महोदय" शब्द आला की भाकर करपायची. घरच्यांनी मुकाट्यानं करपलेल्या भाकरी खाल्ल्या. भाषणाच्या दिवशी वस्तीतल्या बायाही ट्रॅक्टरवर बसून निघाल्या, अर्ध्या कमलसाठी, अर्ध्या बाजारासाठी.

कमल माईकपुढं उभी राहिली. "म... म... म..."

माईकनं तो "म" साऱ्या मंडपात फिरवला. पुढच्या खुर्च्यांवरची माणसं फिदीफिदी हसली. साहेबांनी घड्याळ पाहिलं. प्रतिभानं मान खाली घातली, आणि ती मान पाहून कमलचं काळीज तुटलं. मेलं हे तोंड! पोरीचा जन्म या तोंडापायी वाया जाणार! माफी मागून खाली उतरावं म्हणून तिनं हात जोडले.

आणि इथंच गंमत झाली. कमलचे हात जोडलेले पाहून मागच्या बाया सवयीनं ताठ बसल्या. साऱ्यांनी हात जोडले, डोळे मिटले. आता कमल पुढं म्हणणार, आपण मागून. कमल बघतच राहिली. मग तिच्या तोंडून त्याच चालीत शब्द निघाले, गुरुजींचे नव्हे, घरचे.

"आमच्या फाट्यावर बस थांबत नाई."

"आमच्या फाट्यावर बस थांबत नाई," बाया मागून म्हणाल्या.

अगं बाई, जीभ चालली की!

"पावसाळ्यात नाला भरते, पायी जाता येत नाई."

बायांनी तेही म्हटलं. काहीतरी पूजा दिसते असं समजून साहेब उभे राहिले. मग खुर्च्यांवरच्या हसणाऱ्यांनाही उठावं लागलं. बरी जिरली!

"माही पोरगी सौंसरच्या शाळेत जाईन."

"माही पोरगी सौंसरच्या शाळेत जाईन."

"शिकन तितकं तिले शिकवीन."

"शिकन तितकं तिले शिकवीन!"

साहेबांनी विचारलं, "तो ये सब लड़कियाँ जाएँगी?"

बाया डोळे उघडून एकमेकींकडे पाहायला लागल्या. कमलची जीभ पुन्हा अडली, पण आता कोणी हसलं नाही, आणि तिनंही घाई केली नाही. "माही त-तर जाईन, साहेब. बाकीच्यायचं त्यायले वि-विचारा."

केसरबाई गुडघ्यावर हात टेकून उठली. "विचारता काय? हात जोडून म्हटलं ना आत्ता! हात जोडून म्हटलेलं आम्ही फिरवत नसतो. माही नलिनी जाईन."

"माही बी!" "माही बी!" मंडपभर आवाज उठला. साहेबांनी तिथल्या तिथं फाट्यावर बस थांबवायचा हुकूम दिला.

शाळा उघडली त्या दिवशी बस फाट्यावर येऊन करकचून थांबली. कंडक्टरनं डोकं बाहेर काढलं, "कौन-कौन जा रही है?"

कमल पोरींच्या पुढं उभी होती. तोंड "स" वर अडलं. अडेना का! बस आता थांबलेली होती. कंडक्टर थांबला, ड्रायव्हर थांबला, आतली माणसं थांबली.

"स-स-सगळ्या!" कमल ओरडली.