सात ओळींचा हिरा

मॅडमनी माझा हिरा सगळ्या वर्गाला दाखवला. संगणकावर चांदणीच्या खुणांनी काढलेला, सात ओळींचा, दोन्ही बाजूंनी सारखा.

"शाब्बास लितिया! आता प्रोग्रॅममध्ये साताच्या जागी एकवीस कर."

त्यात सात कुठे होतेच? एकच सूचना हवी तितक्या वेळा फिरवणारा लूप डोक्यात शिरेना म्हणून मी मेलीने सातही ओळी हातानेच टाइप केल्या होत्या.

मॅडमनी प्रोग्रॅम पडद्यावर उघडला. "मॅडम, हिने हाताने एकेक ओळ घालत चटई विणलीय!" मागून सेरू ओरडला. वर्ग खिदळला.

सुवा शहरातल्या शाळेतून घरी आले, तर आईने माझा कालचा छापील हिरा भिंतीवर डकवलेला. ती झाडाच्या सालीच्या कापडावर नक्षी छापत होती. शेजारणीला सांगत होती, "पोरीचं कामही आपल्यासारखंच. साचा एकदाच कापायचा, मग नुसता फिरवत न्यायचा."

मला बघून तिने रंगाचे हात पुसले.

"ये गं, दाखव तुझा साचा."